टाकावरचा शाईचा डाग

मी एका मतानं पडले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, आमच्या वॉर्डातून. दहा-वीस मतांनी पडले असते तर दोन दिवस तोंड पाडून बसले असते आणि तिसऱ्या दिवशी रोपवाटिकेत टोमॅटोच्या ट्रेंना पाणी मारायला लागले असते. पण एका मताची हार खाजकुयलीसारखी अंगाला लागते. जुन्नरला मतमोजणी झाली, मी फेरमोजणी मागितली, तीही झाली, आकडा तोच. समोरच्या बाईच्या माणसांनी गुलाल उधळला, त्यातला मूठभर माझ्याही डोक्यावर पडला. मुद्दाम टाकला की वाऱ्यानं आला, हे मी अजून ठरवलेलं नाही. केसांतून तो चार दिवस निघत होता.

मी उभी राहिले होते ती पाण्यासाठी. येडगावच्या धरणाचं पाणी आमच्या वस्तीच्या बांधाला येऊन टेकतं आणि पिण्याचा नळ मात्र गावठाणातच संपतो. दुसरं कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगते. मी गावातल्या गावात दिलेली आहे. माहेर आणि सासर यांच्यात चार घरं. अशा बाईला गाव कधी धड लेक मानत नाही, धड सून मानत नाही. मला एकदा माझ्या स्वतःच्या नावानं निवडून यायचं होतं. हट्टच होता तो.

म्हणून मी वकील गाठला. जुन्नरच्या पेठेत कापडाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस. घराणं मूळचं मारवाडचं, पण कित्येक पिढ्या जुन्नरात गेलेल्या, त्यामुळे माझ्यापेक्षा शुद्ध मराठीत रागावायचे. निकालापासून पंधरा दिवसांत कोर्टात अर्ज करावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. मग चहा मागवला आणि म्हणाले की फरक एका मताचा आहे, तेव्हा एक जरी मत खोटं निघालं तरी निकाल डळमळतो. माणूस गेला तरी कोणी अर्ज दिल्याशिवाय त्याचं नाव यादीतून निघत नाही, आणि मतदानाच्या दिवशी कोणीतरी त्याच्या नावावर जाऊन येतं.

“मेलेली माणसं शोधा,” ते म्हणाले. “नेमकी कोण मेली आहेत, ते तुमच्याइतकं कोर्टाला ठाऊक नसतं.”

वॉर्डाची यादी घेऊन मी दुपारची शेडनेटमध्ये बसले. हिरव्या जाळीतून ऊन गाळून येतं, त्यामुळे आत सगळंच पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. पेन्सिल घेऊन एकेका नावावर थांबायचं आणि हा आहे की गेला, ते आठवायचं. सुरुवातीला मजा वाटली. मग वाटेनाशी झाली. ज्यांच्या मयतीला मी स्वतः गेले होते, ती माणसं तिथे ओळीनं बसलेली होती, घर क्रमांकासकट. आणि त्यांची वयं वाढत होती. साठीला गेलेला शिंपी यादीत त्र्याहत्तर वर्षांचा झाला होता. विहिरीत पडलेली एक पोरगी बावीसची गेली, ती यादीत एकतीस वर्षांची बाई झाली होती. आमच्या नकळत ती सगळी तिकडे म्हातारी होत होती. त्या दिवशी घामानं कागद ओला होत होता आणि माझे हात मात्र गार पडले होते.

नऊ नावांवर खूण करून मी यादी वकिलांकडे दिली. त्यांनी कोर्टामार्फत मतदान केंद्रावरची यादी मागवली. केंद्रावरचे अधिकारी मत देऊन गेलेल्याच्या नावावर लाल रेघ मारतात, ती ही यादी. ती यायला काही महिने गेले. एक दिवस वकिलांचा फोन आला. माझ्या नऊपैकी एकाही मेलेल्यानं मत दिलेलं नव्हतं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले की तुम्ही एक विसरलात. कारकुनानं ग्रामपंचायतीची मृत्यूची नोंदवही यादीशी ताडून पाहिली, तर एक मयत बाई सापडली, आणि तिच्या नावावर लाल रेघ आहे. त्यांनी अनुक्रमांक वाचला. मग नाव वाचलं.

मी म्हटलं, अहो, ती चांगली जिवंत आहे, सकाळीच माझ्याकडून कोथिंबीर घेऊन गेली.

पलीकडे कागदांचा आवाज झाला. मग ते सावकाश म्हणाले, “ताई, ही नोंद एकतीस वर्षांपूर्वीची आहे. खबर देणाऱ्याचं नाव तुमच्या वडिलांचं आहे.”

त्या नावावरून माझी पेन्सिल गेली होती आणि थांबली नव्हती. ते माझ्या आईचं नाव होतं.

इथे थोडं मागं जाऊन सांगायला हवं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ती सत्तावीसची. तिचा चेहरा मला आठवत नाही. मला तिचं शेवटचं दर्शन दिलं नाही, शेजारच्या घरात गूळ-शेंगदाणे हातात देऊन बसवलं होतं. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं. लग्नात तांदळावर नवरीचं नवीन नाव लिहितात, तेव्हा आजीनं माझ्या आईचंच नाव लिहायला लावलं. थोरलीचं नाव धाकटीनं चालवलं की थोरली त्रास देत नाही, असं तिचं म्हणणं. आणि आमच्याकडे दुसरेपणावर आलेली बाई सवतीचा टाक गळ्यात घालते, तोही घातला. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, हात दोन, पाय दोन, चेहऱ्याच्या जागी नुसता उंचवटा. आईचे म्हणून जे दोन फोटो घरात होते ते आजीनं कुकडी नदीत सोडले. कोणी ‘आई गेली’ असं मला कधी बोलून दाखवलं नाही. हाक तीच राहिली, ओ देणारी बदलली.

नव्या आईला मी मावशी म्हणायचे. तिला मूलबाळ झालं नाही. मला तिनं कधी उपाशी निजवलं नाही आणि कधी मारलं नाही, एवढंच नाही, तर माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस ती माझ्या उशाशी होती. पण जेवायला बसताना पहिला घास ती टाकाला लावायची. सणाला कुंकू आधी टाकाला, मग स्वतःला. लहानपणी मला वाटायचं की आई अशीच दिसत असणार, चपटी, पांढरी, डोळे नसलेली. झोपेत मावशी कूस वळली की तो टाक गळ्यातल्या पोतीच्या मण्यांवर वाजायचा आणि मी पांघरुणात तोंड घालायचे.

त्या टाकावर, बाईच्या डाव्या हाताशी, एक काळा डाग होता. चांदी काळवंडली असेल असं मी समजत आले. रांगोळीनं घासून सगळा टाक लख्ख व्हायचा, तो डाग तेवढा जायचा नाही. उलट दर काही वर्षांनी जास्तच काळा व्हायचा.

वकिलांचा फोन ठेवून मी मावशीकडे गेले. भर दुपार होती, ती ओट्यावर घेवडा सोलत होती. मी सरळ विचारलं की मतदान कोणाच्या नावावर करतेस. ती हसली. तिच्या नावावर, म्हणाली, म्हणजे माझ्याच. मग तिनं सांगितलं ते असं. आई जायच्या आधी काही महिने शाळेत ओळखपत्रांचे फोटो काढायला माणसं आली होती. कार्ड आलं तेव्हा आई नव्हती आणि मावशी आलेली होती. आजोबा म्हणाले, नाव तेच, नवरा तोच, घर तेच, कशाला हेलपाटे घालायचे. कार्डावरचा फोटो इतका काळा होता की म्हैससुद्धा खपली असती. ते कार्ड पुढे उंदरांनी खाल्लं. तोवर आधार कार्ड आलं होतं, त्यावर मावशीचा चेहरा आणि आईचं नाव. केंद्रावर कोणी कधी वर मान करून पाहिलं नाही. तिचं स्वतःचं नाव यादीत घालायचं कोणाला सुचलंच नाही, कारण ते यादीत होतंच.

मी विचारलं, आणि हा डाग?

तिनं टाक पदराआडून बाहेर काढला. “शाई वली असतानाच लावते. तिच्या बोटाला नको व्हय?” मग घेवड्याची शेंग मोडत अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मत मी कुठं देते? ती देती. बोट तेवढं माजं असतं.”

ओट्यावर ऊन होतं, शेजारी रेडिओ चालू होता. तरी माझ्या मानेवर काटा आला. मी विचारू नये ते विचारलं. यावेळी कोणाला दिलं तिनं?

“लेकीला न्हाई देणार तर कुनाला?”

म्हणजे ज्या एका मतानं माझा निकाल फिरणार होता, ते मत मलाच पडलेलं होतं. ते रद्द झालं तर मी एका मतानं नाही, दोन मतांनी हरलेली ठरत होते. मी हे वकिलांना सांगितलं. ते म्हणाले की यंत्राच्या आत कायदा डोकावत नाही. ते मत कोणाला गेलं हे कोणीही सिद्ध करू शकत नाही, आणि म्हणूनच निकाल टिकणार नाही. हे पुन्हा कोणापाशी बोलू नका. मावशीवर काही कारवाई होणार नाही ना, असं मी विचारलं. हेतू वाईट नव्हता हे दिसतंच आहे, ते म्हणाले, पण लेखी हमी मी देत नाही.

मी तिथेच थांबायला हवं होतं. मला थांबता येत होतं. अर्ज काढून घेतला असता तर मावशीच्या अंगावर काही आलं नसतं. पण मला ती जागा हवी होती. मावशीला मी म्हटलं की कोर्टात मला तू नाहीस असं सांगावं लागेल. ती म्हणाली, खरं ते सांग, त्याला काय घाबरायचं. पण त्या संध्याकाळी कोथिंबीर न्यायला ती आली नाही.

तारखेला आम्ही दोघी एकाच एसटीनं जुन्नरला गेलो. गंमत पाहा, तिला समोरच्या बाजूनं साक्षीला बोलावलं होतं. त्यांना सिद्ध करायचं होतं की ती जिवंत आहे. आणि मला, जिला तिनं वाढवलं तिला, सिद्ध करायचं होतं की त्या नावाची बाई मेलेली आहे. गाडीत तिनं एकच विचारलं, केंद्रावरच्या यादीत फोटो असतो म्हणतात, तो बघायला देतील का.

मी पिंजऱ्यात उभी राहिले. समोरच्या वकिलानं उलटतपास सुरू केला, अगदी मायेनं. तुमच्या आईचं नाव काय? मी सांगितलं. तुम्हाला लहानाचं मोठं कोणी केलं? मावशीनं. त्यांचं नाव काय? मी तेच नाव पुन्हा सांगितलं. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी मान वर करून पाहिलं. मग आता पाहा, असं म्हणून त्यांनी यादीचं पान माझ्यापुढे धरलं आणि विचारलं की हा फोटो इतका अस्पष्ट आहे, तो तुमच्या मावशींचा नाहीच असं तुम्ही शपथेवर सांगू शकता का.

पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो. डोक्यावर पदर, काळपट गाल, आणि उजवा डोळा अर्धा मिटलेला. माझ्या प्रत्येक फोटोत माझा उजवा डोळा असाच मिटतो. लग्नाच्या फोटोतही. फोटोग्राफर वैतागतात. मी एकतीस वर्षं जो चेहरा शोधत होते तो मतदार यादीत, अनुक्रमांकाखाली, लाल रेघेनं खोडलेला मला सापडला. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान होती. बाजूला वय लिहिलं होतं अठ्ठावन्न.

न्यायाधीश साहेबांनी विचारलं, फोटो ओळखता?

“ओळखते. ही माझी आई आहे.”

“हयात की मयत?”

हा शब्द मी आयुष्यात तिच्यासाठी कधी उच्चारला नव्हता. मला वाटलं की मी बोलले की त्या फोटोतला उरलेला डोळाही मिटेल. मी म्हटलं, “मयत.”

मला खाली उतरायला सांगितलं. मी पिंजऱ्यातून उतरते न उतरते तोच पट्टेवाल्यानं दारात जाऊन पुढच्या साक्षीदाराचा पुकारा केला. कोर्टात तीनदा पुकारतात. लांबलचक हेल काढून त्यानं माझ्या आईचं नाव पुकारलं. उघड्या दारातून मला बाहेरचं बाकडं दिसत होतं. पहिल्या पुकाऱ्याला मावशी उठली, पण पुढं आली नाही. बाजूला सरून उभी राहिली, दारातून कोणाला आधी वाट द्यावी तशी. दुसरा पुकारा झाला. व्हरांड्यात कोणी हललं नाही. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर तिनं डावी-उजवीकडे पाहिलं आणि मग ती आत आली. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, “ती उटती का बगत व्हते.”

पिंजऱ्यात तिनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही. समोरच्या वकिलानं तिच्या तोंडात शब्द द्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. ही नोंद तुमचीच ना, इतकी वर्षं तुम्हीच मत देत आलात ना. ती नुसतं हो म्हणाली असती तर मी तिथेच हरले असते. ती म्हणाली, “न्हाई साहेब. ही थोरली. मी हिच्या नावावर राहिले एवढंच.”

निकाल माझ्या बाजूनं लागला. निवडणूक रद्द झाली, जागा रिकामी झाली. मावशीनं हे सगळं अजाणतेपणी केलं, असं साहेबांनी निकालात लिहिलं आणि तिच्यावर काही कारवाई झाली नाही. यादीतलं नाव मात्र कमी झालं. वकिलांनी पेढे मागवले. मी एक खाल्ला, तो कडू लागला असं मी म्हणणार नाही, चांगला गोड होता.

त्यानंतर मावशीनं त्या नावाला ओ देणं बंद केलं. रुसून नाही. बायका रस्त्यातून नावानं हाक मारायच्या आणि ती ऐकूच न आल्यासारखी पुढं जायची. मला वाटलं, म्हातारपणानं कान गेले. मग यादीचं काम करणारे शाळेचे गुरुजी तिचं नाव नव्यानं घालायला आले. अर्ज उघडून त्यांनी विचारलं, आजी, नाव काय लिहू. मावशीनं एक नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. ते तिचं माहेरचं नाव होतं, एकतीस वर्षांत आमच्या घरात एकदाही कोणी न विचारलेलं. मीसुद्धा नाही. गुरुजी भला माणूस, पण त्यांनी आधार कार्ड मागितलं, त्यावर आईचं नाव. रेशन कार्डावर आईचं. शाळेचा दाखला माहेरी, आणि माहेरी आता कोणी नाही. गुरुजींनी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला आणि बघू काय करता येतं ते, असं म्हणाले. अजून बघताहेत. मेलेली बाई एकतीस वर्षं यादीत होती, आणि जी ओट्यावर बसून शेंगा सोलते तिला यादीत घ्यायला कागद नाही. हे मी केलं आहे, दुसऱ्या कोणी नाही.

पोटनिवडणुकीत मी निवडून आले, हे आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचं आहे ते त्या मतदानाच्या सकाळचं. मी केंद्राकडे निघाले तर मावशी आईची जुनी हिरवी साडी नेसून दारात उभी. दर मतदानाला ती तीच नेसायची. मी म्हटलं, मावशी, तुझं नाव नाही यादीत. ठाऊक आहे, म्हणाली, आणि माझ्याबरोबर शाळेपर्यंत चालत आली. फाटकाशी तिनं मान वाकवून पोतीतला टाक सोडवला. इतक्या वर्षांत तो तिच्या गळ्यातून उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. जिथे तो असायचा तिथली कातडी गोरी राहिली होती, चपट्या बाईच्या आकाराची. तिनं तो माझ्या गळ्यात बांधला.

“माजं काम झालं,” ती म्हणाली. “आता तू ने तिला.”

आत गुरुजींनी माझं नाव वाचलं, बोटाला शाई लावली. आता मार्कर पेन असतं, पूर्वी बाटली आणि काडी असायची. मी यंत्राच्या पुठ्ठ्याआड गेले. टाक गार असायला हवा होता, तो कोमट होता, मावशीच्या अंगाचा असेल. माझं नाव पहिलं होतं. मी हात पुढं केला आणि एक क्षण तो जड झाला, कोणी वरून हात ठेवावा तसा. मग शिट्टी वाजली. बाहेर येता येता मी शाईचं बोट टाकाला लावलं, कोणी न सांगता.

वकील म्हणतात की हे कुठे लिहू नका. पण उद्या कोणी कोर्टात विचारलंच की ते मत कोणी दिलं, तर शपथेवर मला एवढंच सांगता येईल की बोट माझं होतं.